मद्यालयाच्या उंबरठ्यावरील मूल : सातारा-सांगली परिसराचा सामाजिक-ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील दारूबंदीचा इतिहास आजवर प्रामुख्याने राष्ट्रीय चळवळ, सरकारी महसूल आणि स्त्रियांचे संघर्ष या तीन अंगांनी मांडला गेला आहे. या मांडणीत लहान मूल येते ते करुणेचा विषय म्हणून. बापाच्या व्यसनामुळे उपाशी राहिलेले, शाळा सुटलेले, मार खाल्लेले मूल हे दारूबंदीच्या प्रत्येक भाषणाचे आणि पत्रकाचे ठरलेले चित्र होय. मात्र जेथे मद्य विकले किंवा दिले जाते त्या जागेशी मुलाचा प्रत्यक्ष संबंध काय होता, तेथे ते कोणत्या कामासाठी जात होते, त्याने तेथे असावे की नसावे याविषयी समाजाने व शासनाने कोणकोणत्या काळी कोणती भूमिका घेतली, हा प्रश्न स्वतंत्रपणे क्वचितच विचारात घेतला गेला आहे. महामार्गावरील 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' अशा पाट्यांमुळे हा प्रश्न अलीकडचा वाटतो. वस्तुतः तो निदान सव्वाशे वर्षांचा आहे.

प्रस्तुत लेखात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. हे दोन जिल्हे एकत्र घेण्यामागे कारण आहे. वाळवा, तासगाव, खानापूर व शिराळा हे आजच्या सांगली जिल्ह्यातील तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्याचेच भाग होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर त्या वर्षी उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे करण्यात आले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशा संस्थानी मुलखांचे आणि ब्रिटिश अमलाखालील तालुक्यांचे येथे असे काही जाळे विणलेले होते की, एका गावची शीव ओलांडली की राज्य बदलत असे. त्यामुळे दारूच्या दुकानांचा प्रश्न येथे नुसत्या एका सरकारच्या धोरणाचा कधीच नव्हता.

दुकानाचा जन्म

'मद्य देण्याचे ठिकाण' ही कल्पनाच मुळात वासाहतिक अबकारी व्यवस्थेने घट्ट केली, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. दारू त्यापूर्वी नव्हती असे नाही. बाभळीची साल व गूळ यांपासून दारू गाळण्याची रीत देशावर जुनीच आहे. शिंदीच्या झाडाचा रसही प्यायला जात असे. पण अनेक समाजांत दारू गाळणे व पिणे हे घरातले, वस्तीवरचे, जत्रेतले किंवा जातपंचायतीतले व्यवहार होते. त्यांना चार भिंती आणि परवान्याची पाटी नव्हती. अशा व्यवहारात मुलाने असावे की नसावे हा प्रश्न उद्भवतच नाही. ज्या अंगणात भट्टी, त्याच अंगणात मूल खेळणार. फलटण तालुक्यातील सोमंथळी येथे जन्मलेल्या लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनात कैकाडी समाजाच्या पालांवरील जे जीवन येते, त्यातही दारू आणि बालपण यांच्यामध्ये कोणतीही भिंत नाही. ही स्थिती नैतिक अधःपाताची होती असे मध्यमवर्गीय सुधारकांनी मानले. तिच्याकडे भिंत बांधण्यापूर्वीची स्थिती म्हणून पाहणे इतिहासदृष्ट्या अधिक योग्य ठरेल.

मुंबई अबकारी कायदा, १८७८ अन्वये दारू गाळणे, विकणे व बाळगणे यांवर सरकारचे कडक नियंत्रण आले. गावोगावच्या भट्ट्यांच्या जागी मध्यवर्ती आसवनी, मक्तेदार आणि परवानाधारक दुकान अशी साखळी उभी राहिली. दारूच्या विक्रीतून अधिकाधिक महसूल मिळवायचा आणि त्यासाठी विक्रीची जागा निश्चित करावयाची, हे या व्यवस्थेचे सूत्र होते. पिठा, गुत्ता, कलालाचे दुकान या नावांनी ओळखली जाणारी जागा आता गावाच्या नकाशावर आली. ती आली तशी तिच्या दाराशी मूलही आले, कारण घरातली वस्तू दुकानातून आणण्याचे काम ग्रामीण कुटुंबात परंपरेने मुलाकडे असते. तेल, मीठ, तंबाखू आणायला जाणारे मूल बापासाठी दारू आणायलाही जाऊ लागले.

या बदलाची चिकित्सा करणाऱ्या आरंभीच्या व्यक्तींमध्ये महात्मा जोतीराव फुले यांचा समावेश करावा लागतो. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. हे दुकान कोठे असावे आणि किती असावीत, याचा विचार नगराच्या आरोग्याची व नीतीची जबाबदारी घेतलेल्या संस्थेने केला पाहिजे, असा तिचा रोख होता. मद्यपानाची नुसती निंदा करणारे त्या काळी पुष्कळ होते. दुकानाच्या जागेचा प्रश्न नागरी प्रश्न म्हणून उपस्थित करणारे थोडे. या दृष्टीने फुल्यांची ही कृती 'शाळेपासून दुकान किती अंतरावर असावे' या पुढील काळातील वादाची पूर्वपीठिका ठरते. १८८९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहानेही हिंदुस्थान सरकारच्या अबकारी धोरणावर टीका करणारा ठराव संमत केला. तथापि त्याने दुकानांच्या जाळ्यात मूलगामी फरक पडला नाही.

याच सुमारास इंग्लंडात मुलाचा प्रश्न थेट कायद्यापर्यंत पोहोचला होता. आईबापांसाठी मद्य आणायला जाणाऱ्या मुलांविषयी १९०१ मध्ये तेथे कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलाला मद्य द्यायचे तर ते मोहोरबंद भांड्यातच द्यावे, असे ठरले. मुलाने वाटेत ते चाखू नये हा हेतू. १९०८ च्या मुलांविषयीच्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना मद्यालयाच्या बारमध्ये येण्यास मनाई केली. या दोन कायद्यांमधील फरक सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे. पहिल्याने मुलाच्या हातातील वस्तूचा विचार केला, तर दुसऱ्याने मूल ज्या जागेत उभे आहे त्या जागेचा. मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये मुलांविषयीचा कायदा झाला. परंतु अबकारी खाते आणि बालकल्याण या दोन बाबी सरकारच्या दोन वेगळ्या कप्प्यांत राहिल्या. हा कप्पेबंदपणा पुढील सर्व इतिहासात कायम दिसतो.

शाळेचा खर्च आणि दारूचा पैसा

मूल आणि दारूचे दुकान यांच्यामधील सर्वांत विलक्षण नाते मात्र दुकानाच्या दाराशी नव्हे, तर प्रांतिक अंदाजपत्रकात होते. १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती हिंदी मंत्र्यांकडे सोपविण्यात आली. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाखालोखाल अबकारीचे उत्पन्न मोठे होते. म्हणजे लोकनियुक्त मंत्र्यांना शाळा वाढवायच्या असतील तर पैसा ज्या खात्यातून उभा राहू शकत होता त्यांत दारूचे खाते प्रमुख होते. दारू बंद करावी तर शाळा बंद पडतील, असा युक्तिवाद विधिमंडळात आणि बाहेर केला जाऊ लागला.

त्याच १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले. मुलाने स्वतःच्या श्रमातून शिकावे, वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी स्वयंपाक, शेती व बांधकामाची कामे करावीत, हा तिचा आग्रह सर्वश्रुत आहे. या स्वावलंबनामागची प्रेरणा दारूच्या महसुलाला पर्याय शोधण्याची होती असे म्हणता येणार नाही. तसा दावा करणे इतिहासाची ओढाताण होईल. परंतु १९३७ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळे अधिकारावर आली आणि महात्मा गांधींनी नेमका हाच पेच देशासमोर ठेवला. मुलांचे शिक्षण दारूच्या उत्पन्नावर चालणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि तो पैसा सोडून द्यायचा तर शिक्षण उत्पादक श्रमातून बऱ्याच अंशी स्वावलंबी झाले पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा परिषद आणि तीतून पुढे आलेली नयी तालीम यांच्या इतिहासात हस्तोद्योगाच्या शैक्षणिक मूल्याची चर्चा पुष्कळ होते. अबकारीचा धागा मात्र अध्यापक महाविद्यालयांतील पाठ्यपुस्तकांतून बहुधा गळून जातो. साताऱ्याच्या मातीत त्याआधीच रुजलेला स्वावलंबी वसतिगृहाचा प्रयोग या पार्श्वभूमीवर वाचला तर त्याला एक वेगळाच अर्थ प्राप्त होतो.

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये अहमदाबादेत व १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. सातारा जिल्ह्याला तिचा प्रत्यक्ष स्पर्श होण्यापूर्वीच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

पिकेटिंग करणारी मुले

मुलाला दारूच्या दुकानापासून दूर ठेवावे असे म्हणणाऱ्या राष्ट्रीय चळवळीने मुलाला दुकानाच्या दारात नेऊनही उभे केले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९०८ च्या उन्हाळ्यात पुण्यात दारूच्या दुकानांवर जे पिकेटिंग झाले त्यात विद्यार्थी स्वयंसेवकांचा भरणा होता आणि लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. असहकाराच्या काळात आणि पुढे १९३० च्या कायदेभंगात दारूच्या दुकानांवरील निरोधन हे चळवळीचे नित्याचे अंग बनले. गांधींनी ते प्रामुख्याने स्त्रियांवर सोपविले होते. पण ठिकठिकाणच्या वानरसेनांतून लहान मुलेही निरोप पोहोचविणे, घोषणा देणे, गिऱ्हाइकांना विनवणे अशी कामे करीत. सातारा जिल्ह्यात १९३० साली बिळाशीच्या जंगल सत्याग्रहासारख्या प्रखर घटना घडल्या, त्यामुळे येथील चळवळीच्या आठवणींत दारूच्या दुकानांना दुय्यम स्थान मिळाले आहे. तरीही दुकानासमोर उभे राहिलेले मूल हे त्या पिढीच्या राजकीय शिक्षणाचे एक दृश्य होते.

येथे विचार करण्यासारखा मुद्दा असा, की त्या काळी कोणीही 'मुलाने दारूच्या दुकानाजवळ जाऊ नये' या तत्त्वाचा आधार घेऊन वानरसेनेस आक्षेप घेतला असे दिसत नाही. मूल तेथे कशासाठी जाते यावर त्याचे जाणे योग्य की अयोग्य हे ठरत होते; जागा स्वतःहून मुलाला दूषित करते ही कल्पना, जी इंग्लंडच्या १९०८ च्या कायद्यामागे होती, येथे त्या स्वरूपात रुजलेली नव्हती. शिवाय येथील जाणत्या वर्गाच्या दृष्टीने दारूचे खरे ठिकाण घर हेच होते. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीने १९१९ मध्ये रंगभूमीवर आणले. त्यात मद्यपींचा मेळा विनोदाच्या अंगाने येतो, पण सुधाकराच्या हातून तान्ह्या मुलाचा अंत होतो तो घरात. मराठी नाटकाचे माहेर म्हणविणाऱ्या सांगलीत आणि बालगंधर्वांच्या नागठाण्याच्या परिसरात ज्या नाटकाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले, त्याने प्रेक्षकांच्या मनावर ठसविलेली भीती गुत्त्याची नव्हती. गुत्त्यातून उठून घरी येणाऱ्या माणसाची होती.

प्रतिसरकारचा न्याय

सातारा-सांगलीचा स्वतःचा असा दारूबंदीचा अनुभव म्हणजे १९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकार होय. क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी आणि त्यांचे सहकारी यांनी ब्रिटिश सत्तेला समांतर अशी जी व्यवस्था वाळवा, तासगाव, कऱ्हाड, खानापूर आदी भागांत उभी केली, तिच्यात न्यायदान मंडळे, तुफान सेना, कमी खर्चाचे गांधी विवाह आणि दारूबंदी ही कामे एकमेकांत गुंतलेली होती. सरकारी खजिना लुटणे व रेल्वेमार्ग उखडणे यांमुळे प्रतिसरकारला कीर्ती मिळाली. गावकऱ्यांच्या दैनंदिन जीवनात तिचे अस्तित्व मात्र अधिक जाणवले ते या सामाजिक कामांतून.

प्रतिसरकारच्या दारूबंदीचे वैशिष्ट्य असे की ती जागेची बंदी नव्हती, माणसाची होती. दारू गाळणारा, विकणारा आणि पिऊन घरच्यांना छळणारा यांना गावासमोर जाब द्यावा लागे. दंड होई, प्रसंगी शारीरिक शिक्षाही होई. ज्या शिक्षेवरून लोकांनी या सरकारला 'पत्री सरकार' हे नाव ठेवले तिची दहशत दारूच्या व्यवहारालाही लागू होती. येथे लहान मुलाचे स्थान प्रथमच काहीसे स्पष्ट होते. न्यायदान मंडळापुढे येणारे तंटे जमिनीचे, सावकारीचे, स्त्रियांवरील अन्यायाचे, सोडून दिलेल्या बायकामुलांचे असत. दारू पिणाऱ्याचा अपराध हा त्याच्या घरातील आश्रितांविरुद्धचा अपराध मानला गेला. परवाना आहे की नाही, दुकान शाळेजवळ आहे की दूर, गिऱ्हाइकाचे वय काय, हे प्रश्न त्या न्यायात गौण होते.

या पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत. गावाच्या सामूहिक धाकावर उभा असलेला न्याय हा प्रबळ जातींच्या मताने चालण्याचा धोका असतो, आणि दारू गाळण्याच्या धंद्यावर गुजराण करणाऱ्या भटक्या व दुर्बल समाजांना त्याचा जाच अधिक होणे स्वाभाविक होते. प्रतिसरकारविषयीच्या गौरवपर लेखनात या बाजूची दखल कमी घेतली जाते. तरीही घरातील मुलाची बाजू लक्षात घेऊन दारूचा विचार करणारी व्यवस्था याच काळात, याच भागात, अल्पकाळ का होईना अस्तित्वात होती. तिच्या आधीच्या अबकारी खात्याने तो विचार केला नव्हता आणि नंतरच्या दारूबंदी खात्यानेही केला नाही.

संपूर्ण दारूबंदी आणि घरातली भट्टी

मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ अमलात आला आणि १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातील मार्गदर्शक तत्त्वाशी हे धोरण सुसंगत होते. बलसारा खटल्यात १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील काही तरतुदी रद्द ठरवूनही त्याचा गाभा कायम ठेवला. अशा रीतीने मद्य देण्याचे अधिकृत ठिकाण कागदोपत्री संपले, आणि मुलाने तेथे असावे काय हा प्रश्नही कागदोपत्री संपला.

प्रत्यक्षात ठिकाण संपले नाही, ते पुन्हा घरात आले. गुऱ्हाळांच्या या प्रदेशात गुळाला तोटा नव्हता. सहकारी साखर कारखाने उभे राहू लागल्यावर मळीचीही भर पडली. हातभट्टी ही नदीकाठच्या मळीत, ओढ्यात, उसाच्या फडात आणि वस्तीवरच्या झोपडीत पेटू लागली. पोलिसांची चाहूल घेणे, रबरी ट्यूबमधून किंवा फुग्यांतून माल पोहोचविणे, पैसे आणून देणे अशा कामांत मुलांचा उपयोग होऊ लागला; मुलाकडे संशयाने पाहिले जात नाही आणि पकडले तरी शिक्षा सौम्य होते, हा हिशेब त्यामागे होता. परवानाधारक दुकानात निदान गिऱ्हाइकाचे तोंड रस्त्याकडे असे. हातभट्टीने मुलाला धंद्याचा भागीदार बनविले. दारूबंदी फसली असे म्हणताना तस्करी आणि विषारी दारूचे बळी यांचा उल्लेख नेहमी होतो. मुलांच्या या नव्या भूमिकेचा होत नाही.

मूळच्या सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या यशवंतराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात हे धोरण कायम होते. १९६३ नंतर वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत ते टप्प्याटप्प्याने शिथिल झाले आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकाने पुन्हा रस्त्यावर आली. कायद्याचे नाव मात्र दारूबंदीचेच राहिले. आजही महाराष्ट्रात मद्यविक्रीचा परवाना दारूबंदी कायद्याखालीच मिळतो. मद्य पिण्यासाठी व्यक्तीकडे परवाना हवा, या जुन्या अटीतून 'परमिट रूम' हा शब्द जन्मला. उपाहारगृहाची एक बाजू सर्वांसाठी आणि पडद्याआडची एक खोली परवानाधारकांसाठी, अशी ही मूळ रचना. इंग्लंडच्या १९०८ च्या कायद्यानेही बार आणि इतर खोल्या असा भेद केला होता. म्हणजे मुलाचा प्रश्न सोडविण्याचा मार्ग दोन्हीकडे एकच निघाला, तो भिंत घालण्याचा.

महामार्ग, फॅमिली रूम आणि द्राक्षबाग

ही भिंत पुढे पातळ होत गेली. पुणे-कोल्हापूर महामार्ग हा सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांचा कणा आहे. खंडाळा, सातारा, कऱ्हाड, कासेगाव, पेठ नाका या पट्ट्यात चौपदरीकरणानंतर जी उपाहारगृहे वाढली, त्यांनी एकाच छताखाली जेवण, मद्य आणि मुलांसाठी झोपाळे-घसरगुंडी अशी व्यवस्था केली. 'फॅमिली रूम' हा शब्द येथे मोठा सूचक आहे. मूळ कल्पना मद्यपींना वेगळे बसविण्याची होती. आता कुटुंबाला वेगळे बसविले जाऊ लागले. स्वतंत्र खोली ज्याला द्यावी लागते तो अपवाद, हे मानले तर अपवाद कोण आणि नियम कोण याची अदलाबदल झाली. पुष्कळ ठिकाणी तीही सीमा नाही, एकाच टेबलावर बापाचा पेला आणि मुलाचे थंड पेय असते. यात गैर काय, असा प्रश्न विचारणारे पालक आज शहरांतच नव्हे, तालुक्यांच्या गावीही आहेत. बाप चोरून गुत्त्यावर जातो त्यापेक्षा कुटुंबासमवेत मर्यादेत पितो हे बरे, हा त्यांचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. इंग्लंडमध्ये २००३ च्या परवाना कायद्याने प्रौढाविना आलेल्या सोळा वर्षांखालील मुलांना प्रामुख्याने मद्यासाठी असलेल्या जागेत मनाई केली. पालकांसोबत येणाऱ्या मुलाला तशी मनाई नाही. पण तो युक्तिवाद ज्या कुटुंबांना लागू पडतो ती चारचाकीतून महामार्गावर येणारी कुटुंबे आहेत. देशी दारूच्या दुकानाबाहेर बापाची वाट पाहत बसलेल्या मुलासाठी फॅमिली रूम कोणी बांधलेली नाही.

त्याच उपाहारगृहात आणखी एक मूल असे, टेबल पुसणारे, ग्लास विसळणारे, चखण्याच्या बश्या आणणारे. 'पोऱ्या' हे त्याचे नाव, मग त्याचे खरे नाव काहीही असो. ढाबे व उपाहारगृहांत चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून मनाई झाली आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्व व्यवसायांना लागू केली. मुलाने मद्यालयात असावे काय या मध्यमवर्गीय चर्चेत या मुलाचा विचार फारसा होत नसे, कारण तो गिऱ्हाईक नव्हता.

१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू होताच या पट्ट्यातील बार बंद झाले. लहान लोकसंख्येच्या क्षेत्रांसाठी हे अंतर २२० मीटर झाले, नंतर नगरपालिका हद्दींना सूट मिळाली, आणि २०१८ मध्ये ग्रामपंचायतींबाबतचा निर्णयही राज्यांवर सोपविला गेला. त्यानंतर यांपैकी अनेक पाट्या पुन्हा उजळल्या. या संपूर्ण वादात मोजले गेले ते मद्यपी वाहनचालकाचे अंतर.

दरम्यान सांगली जिल्ह्यात मद्याचा एक वेगळा, प्रतिष्ठित चेहरा आकार घेत होता. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणानुसार नाशिक जिल्ह्यातील विंचूरबरोबरच पलूस येथे कृष्णा व्हॅली वाईन पार्क उभारण्यात आले. तासगाव-पलूसच्या द्राक्ष बागायतदाराला बेदाण्याखेरीज आणखी एक बाजार मिळावा हा हेतू रास्त होता, जरी प्रत्यक्षात या उद्योगाला अपेक्षित यश लाभले नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुमारे एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा-सुपरमार्केटमध्ये वाईनसाठी कुलूपबंद कपाट ठेवण्यास मान्यता दिली, तेव्हा शेतकऱ्याचे हित हेच कारण पुढे करण्यात आले. शाळा व धार्मिक स्थळांच्या जवळची दुकाने वगळण्याची अट त्यात होती. विरोधाचा जोरदार आवाज साताऱ्यातून उठला. व्यसनमुक्त युवक संघाचे बंडातात्या कराडकर यांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे आंदोलन झाले. त्यातील काही वक्तव्ये निषेधार्ह ठरली आणि वाद भलतीकडे गेला, हे खेदजनकच होते. कारण मूळ मुद्दा गंभीर होता. सुपरमार्केट ही मुलांना हाताशी धरून नेण्याची जागा आहे. तेथे मूल मद्यालयात जात नाही, मद्यच मुलाच्या जागेत येते. जनतेच्या हरकती-सूचना मागविल्यानंतर हा निर्णय अमलात आला नाही.

मतपेटी आणि वय

महिलांच्या मतदानाने दारूचे दुकान बंद करण्याची 'उभी बाटली, आडवी बाटली' ही पद्धत महाराष्ट्राची स्वतःची आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घ्यावे लागते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होते. झालेल्या मतदानापैकी नव्हे, तर एकूण मतदारांपैकी, ही अट किती जड आहे हे ऊसतोडीला वा मुंबईला गेलेल्या स्त्रियांची नावे ज्या याद्यांत आहेत त्या गावांनी अनुभवले आहे. साताऱ्यात वर्षा देशपांडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा लढा नेटाने चालविला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात उभ्या केलेल्या 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्राने त्याच प्रश्नाची वैद्यकीय बाजू सांभाळली; पिणाऱ्याला अपराधी न मानता रुग्ण मानणे ही त्या कामाची दिशा होती. प्रतिसरकारच्या न्यायापासून साताऱ्याने केलेली ही लक्षणीय वाटचाल म्हणावी लागेल.

कायद्याचा भर मात्र वयावर राहिला. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे ही किमान मर्यादा आहे. २०११ च्या व्यसनमुक्ती धोरणाने ती अधोरेखित केली. देशातील सर्वांत कडक मर्यादांपैकी ही एक असून तिची अंमलबजावणी सर्वांत ढिली असावी, अशी शंका अनेकांना होती. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या मोटारीखाली दोघांचा बळी गेला आणि त्यापूर्वी त्याला बारमध्ये मद्य दिले गेल्याचे समोर आले, तेव्हा ही शंका सार्वजनिक झाली. बारचालकांना अटक झाली, ओळखपत्रे तपासण्याचे आदेश निघाले. पुढील काही आठवडे राज्यभर तपासण्या झाल्या, त्यात जिल्ह्याच्या ठिकाणांचाही समावेश होता.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच्या पुढचे कलम ७८ कमी परिचित आहे. मुलाचा मद्य विकण्यासाठी, वाहून नेण्यासाठी वा पोहोचविण्यासाठी वापर करणाऱ्यालाही तितकीच शिक्षा त्यात सांगितली आहे. १८७८ च्या कायद्याने जन्माला घातलेल्या दुकानात बापासाठी जाणारे मूल आणि १९५० नंतर हातभट्टीचा फुगा पोहोचविणारे मूल या कलमाच्या कक्षेत प्रथमच नेमक्या शब्दांत आले. हे कलम लावणारी यंत्रणा पोलीस व बालकल्याण समितीची आहे. दुकानाचा परवाना देणारी, नूतनीकरण करणारी व रद्द करणारी यंत्रणा राज्य उत्पादन शुल्क विभागाची आहे. दुकानदाराने मुलाच्या हातात बाटली दिली तर त्याच्या परवान्याचे काय होईल, हे दुसऱ्या खात्याच्या दप्तरात ठरते.